सोमवारच्या मीटिंगसाठी बीआय सॉफ्टवेअर: निवडायचं कसं, तपासायचं कसं

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मला मदतीला बोलावलं होतं. पॅकिंगचं सामान बनवणारी मध्यम आकाराची कंपनी: कारखाना रबाळ्याला, गोदाम भिवंडीला, विक्रीचं ऑफिस मस्जिद बंदरला. सोमवारी अकराच्या मीटिंगला तीन जण तीन एक्सेल घेऊन आले. गेल्या महिन्याची विक्री सेल्सच्या फाइलमध्ये ४ कोटी १२ लाख, गोदामाच्या फाइलमध्ये ३ कोटी ९१ लाख आणि अकाउंट्सकडे ३ कोटी ७४ लाख. खरा आकडा कोणाचा यावर पाऊण तास गेला. शेवटी शेठ वैतागून म्हणाले, "ते पॉवर बीआय का काय, ते घेऊन टाका एकदाचं."

पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं बीआय, म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअर: ठिकठिकाणचा डेटा एकत्र करून तक्ते आणि आलेख एका पानावर, म्हणजे डॅशबोर्डवर दाखवणारं. त्या दिवशी घेतलं असतं, तर तेच तीन आकडे रंगीत दिसले असते. सॉफ्टवेअरचं नाव आम्ही ठरवलं ते दहाव्या आठवड्यात. आधीच्या नऊ आठवड्यांत काय केलं, ते इथे क्रमाने लिहितो. तुमची कंपनी अंधेरीत असो की तळोज्याला, क्रम हाच ठेवा.

आधी प्रश्न जमा करा

"तुम्हाला कोणता डॅशबोर्ड हवा?" असं कोणालाही विचारू नका. लोक इंटरनेटवर पाहिलेला गोल मीटर आणि भारताचा नकाशा मागतात. त्यापेक्षा दोन आठवडे मीटिंगांना गप्प बसा आणि तोंडून निघालेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवा. "कोणत्या पार्टीची उधारी नव्वद दिवसांवर गेली?" "भिवंडीत कोणता माल सहा महिने हललाच नाही?" "मागच्या दिवाळीला माल घेतलेल्यांपैकी कोणी यंदा ऑर्डर दिली नाही?"

मग प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने काढा: कोण विचारतं, किती वेळा विचारतं, आणि उत्तर मिळाल्यावर तो माणूस काय करतो. तिसरा रकाना कोरा राहिला तर प्रश्नावर काट मारा. आमच्या वहीत ३१ प्रश्न होते, काटछाट होऊन १२ उरले. कटलेल्यांत शेठचा आवडता 'राज्यवार विक्रीचा नकाशा'ही होता. कंपनीचा जवळपास सगळा धंदा महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये, नकाशा बघून करणार काय? (नकाशा शेवटी आम्ही दिलाच. शेठ आहेत ते.)

एकेका शब्दाचा अर्थ ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. तीन आकडे तीन का आले? सेल्सवाले ऑर्डर पक्की झाली की विक्री धरत होते. गोदामवाले गाडी गेटबाहेर पडली की धरत होते. अकाउंट्सवाले बिल फाडलं की धरत, आणि परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट वजा करत. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

एका कागदावर लिहून काढलं: निव्वळ विक्री म्हणजे बिलाची रक्कम, जीएसटी वगळून, क्रेडिट नोट वजा करून, बिलाच्या तारखेला. ऑर्डर आणि डिस्पॅच यांचे आकडे राहिले, पण त्यांना 'विक्री' म्हणायचं नाही असं ठरलं. कागदावर तिन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घेतल्या. सह्या घेताना मला जरा नाटकी वाटलं होतं, पण पुढे दोनदा तोच कागद काढून दाखवावा लागला.

असेच इतर शब्द: 'चालू ग्राहक' म्हणजे किती महिन्यांत बिल झालेला? 'मार्जिन' काढताना ट्रान्सपोर्ट धरायचा की नाही? 'स्टॉक'मध्ये वाटेतला माल येतो का?

याच टप्प्यात पार्ट्यांची नावं साफ करा. एकच दुकान टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेडर्स', 'ट्रेडिंग को.' आणि नुसतं 'ट्रेड.' अशा तीन लेजरांत, म्हणजे खात्यांत, बसलेलं असतं. नावावरून जुळवत बसलात तर महिना जाईल. जीएसटी क्रमांकावरून जुळवा. तो १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राला २७, गुजरातला २४) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे मधल्या दहा अक्षरांवर गट केला की एकाच मालकीच्या भिवंडी आणि सुरतच्या दोन नोंदण्या आपोआप एकत्र येतात. आमच्याकडे १,१४० लेजर होते, या एका युक्तीने ते ८७० वर आले. उरलेल्यांत नोंदणी नसलेले छोटे गिऱ्हाईक होते. ते अकाउंट्समधल्या काकांनी डोळ्यांनी बघून जुळवले, कारण कोण कोणाचा भाऊ आहे हे त्यांनाच माहीत.

डेटा कुठे बसतो आणि कसा बाहेर येतो

मुंबईतल्या अशा कंपन्यांत बहुतेक वेळा हिशेब टॅलीत, स्टॉक एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एक्सेलमध्ये आणि ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर असतात. टॅली बाहेरच्या प्रोग्रामला ओडीबीसी किंवा एक्सएमएल या दोन मार्गांनी डेटा देते, नेहमीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९०००. पण त्यासाठी टॅली चालू हवी आणि त्यात ती कंपनी उघडलेली हवी. बीआय सॉफ्टवेअर थेट टॅलीला जोडलं की महिनाअखेरीला, म्हणजे काकांची सगळ्यात जास्त धावपळ असते तेव्हाच, टॅली अडखळायला लागते.

म्हणून मध्ये एक साधा डेटाबेस ठेवा. पोस्टग्रेस फुकट आहे आणि पुरेसा आहे. रात्री एकदा टॅली, स्टॉक आणि एक्सेलमधला डेटा त्यात उतरवायचा, आणि वर ठरवलेल्या व्याख्या तिथेच एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत, व्ह्यू म्हणून (साठवून ठेवलेली तयार मांडणी) लिहायच्या. हा निर्णय सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा मोठा आहे. पॉवर बीआयमध्ये डॅक्स नावाच्या सूत्रभाषेत लिहिलेलं गणित टॅब्लो या दुसऱ्या बीआय सॉफ्टवेअरमध्ये नेता येत नाही, टॅब्लोतलं पॉवर बीआयमध्ये येत नाही. व्याख्या डेटाबेसात असल्या तर उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी नुसते तक्ते पुन्हा काढावे लागतील, हिशेब पुन्हा मांडावा लागणार नाही.

ऑफिसातल्या मशिनवरचा डेटा क्लाउडवरच्या पॉवर बीआयला पोचवायला गेटवे नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. मागे एका ठिकाणी मी तो अकाउंट्सच्याच पीसीवर बसवला होता. संध्याकाळी सातला काका पीसी बंद करून, वर पुसून, कव्हर घालून जायचे. रात्रीचा रिफ्रेश, म्हणजे नवा डेटा ओढून घेणं, रोज फेल. चार दिवस मी पासवर्ड तपासत बसलो. गेटवे कायम चालू राहणाऱ्या मशिनवरच हवा.

आणि ते मशिन तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कुर्ला, साकीनाका भागातल्या तळमजल्यावरच्या ऑफिसांत तेव्हा काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. क्लाउडवर ठेवायचं तर अॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६पासून आहे, गुगलचं २०१७पासून, आणि मायक्रोसॉफ्ट अॅझ्युरची केंद्रं मुंबई, पुणे, चेन्नईला आहेत.

बनवणारे किती, पाहणारे किती

आता पैशांचं. नुसता 'माणशी दर' बघून तुलना केली की हमखास चुकते, कारण प्रत्येक कंपनीचं लायसन्स वेगळ्या तऱ्हेने मोजलं जातं. स्वतःच्या आकड्यांवर गणित मांडा. दर बदलत राहतात, तेव्हा मांडण्याआधी वेबसाइटवरचा त्या दिवशीचा दर घ्या. मी इथे जाहीर दर धरतो.

समजा ६० जण डॅशबोर्ड उघडणार. त्यांत ४ बनवणारे, ५६ पाहणारे.

पॉवर बीआय प्रो एप्रिल २०२५पासून माणशी महिना १४ डॉलर आहे, त्याआधी १० होतं. यात मेख अशी की दुसऱ्याने शेअर केलेला रिपोर्ट नुसता पाहायलाही प्रो लायसन्स लागतं. म्हणजे ६० गुणिले १४, महिन्याला ८४० आणि वर्षाला १०,०८० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ९,०७,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६३,२९६, एकूण १०,७०,४९६. जीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, पण रोकड आधी जाते.

टॅब्लोत भूमिकेप्रमाणे दर: माणशी महिना क्रिएटर (बनवणारा) ७५, एक्सप्लोरर (आहे त्यात फेरफार करणारा) ४२, व्ह्यूअर (पाहणारा) १५ डॉलर, वर्षाचे पैसे एकदम भरायच्या बोलीवर. ४ क्रिएटरचे ३०० आणि ५६ व्ह्यूअरचे ८४०, महिन्याला १,१४०, वर्षाला १३,६८०. 'टॅब्लो म्हणजे दुप्पट-तिप्पट महाग' असं सगळे म्हणतात, पण इथे फरक साधारण छत्तीस टक्के निघाला. उलट बनवणारे ४ ऐवजी २० झाले तर पॉवर बीआय ८४० वरच राहतं आणि टॅब्लो २,१०० वर जातं. प्रत्येक विभागाने आपापले रिपोर्ट काढावेत अशी इच्छा असेल तर एक उत्तर येतं, एकच टीम सगळ्यांना रिपोर्ट देणार असेल तर दुसरं.

पाहणारे तीन-चारशेच्या पुढे असतील तर मायक्रोसॉफ्टकडे माणशी लायसन्सऐवजी क्लाउडवरची ठरावीक क्षमता भाड्याने घेता येते. एफ६४ (या क्षमतेचा एक आकार) किंवा त्यावरची घेतली की पाहणाऱ्यांना प्रो लागत नाही. भाडं महिन्याला हजारो डॉलर, त्यामुळे लहान कंपनीने त्या वाटेला जाऊ नये. आणि आधी आयटीवाल्याला विचारा की आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५चं ई५ लायसन्स आहे का. त्यात पॉवर बीआय प्रो येतं. आधीच भरलेले पैसे पुन्हा भरणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

यानंतर खरी कात्री चालवा. त्या ५६ जणांपैकी किती जण खरोखर क्लिक करून आत शिरणार? भिवंडीच्या सुपरवायझरला सकाळी आठला एक पानाची पीडीएफ पुरते. आमच्या ६० चे २२ झाले. बाकीच्यांना ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर पान जातं.

तीनच नावं ठेवा

बाजारात डझनावारी आहेत. सगळ्यांचे डेमो पाहिले तर वर्ष जाईल. खालच्यांतली आपल्याला बसणारी तीनच निवडा. माझा हिशेब असा.

कंपनी एक्सेल आणि मायक्रोसॉफ्टवर चालत असेल तर पॉवर बीआय यादीत हवंच. २०१५मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि मुंबईत ते येणारी माणसं सहज मिळतात. माणूस सोडून गेला तर दुसरा मिळेल का, हा निकष माझ्या लेखी पहिल्या तिघांत आहे. मर्यादा बघा: प्रोमध्ये एका मॉडेलला (रिपोर्टमागच्या डेटाच्या संचाला) १ जीबी आणि दिवसाला ८ ठरावीक रिफ्रेश. बनवायचा डेस्कटॉप प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो, लोअर परळच्या जाहिरात कंपनीत सगळ्यांकडे मॅक असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

टॅब्लो २००३ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून उभं राहिलं, २०१९पासून सेल्सफोर्सच्या मालकीचं आहे. डेटा उलटसुलट करून शोधत बसणाऱ्या विश्लेषकाला ते हातात मऊ लागतं. ठरलेलेच बारा रिपोर्ट हवे असतील तर त्या मऊपणाचे पैसे वाया जातात.

झोहो अॅनालिटिक्स भारतीय कंपनीचं. डेटा केंद्रं मुंबई आणि चेन्नईत, प्लॅन माणसं आणि ओळी यांच्या संख्येवर. आधीपासून झोहोचं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर जोडणीचं काम बरंच वाचतं. ओळींची मर्यादा मात्र तीन वर्षांच्या बिलांवर मोजून घ्या, एका वर्षाच्या नाही.

लुकर स्टुडिओ, म्हणजे २०२२पर्यंतचं गुगल डेटा स्टुडिओ, फुकट आहे. जाहिरातींचे आणि वेबसाइटचे आकडे गुगल शीटमधून दाखवायला उत्तम. पाच-सहा तक्ते एकमेकांना जोडून उधारीचा हिशेब काढायला मी ते घेणार नाही.

क्लिक स्वीडनचं, १९९३चं. त्याची एक खोड मला आवडते: एखादा माल निवडला की ज्या पार्ट्यांनी तो घेतलाच नाही त्या राखाडी होऊन समोर राहतात. 'कोणी घेतलं नाही' हा तुमचा मुख्य प्रश्न असेल तर डेमो बघा.

मेटाबेस आणि अपाची सुपरसेट ओपन सोर्स, स्वतःच्या सर्व्हरवर टाकले तर लायसन्सचा खर्च नाही. सुपरसेट २०१५मध्ये एअरबीएनबीत जन्मलं. पण म्हैस फुकट मिळाली तरी वैरण विकतच आणावी लागते. सर्व्हर सांभाळणारा, अपडेट टाकणारा माणूस पगारावर असेल तरच या वाटेने जा. तो असेल तर मात्र मेटाबेस मी निःसंकोच सुचवीन.

डेमो त्यांचा, डेटा आपला

विक्रेता डेमोला स्वतःचा नमुना डेटा आणतो. टॅब्लोचा 'सुपरस्टोअर' प्रसिद्ध आहे. त्यात एकाही पार्टीचं नाव चुकीचं नाही, एकही तारीख उलटी नाही, आणि क्रेडिट नोट नावाची गोष्टच नाही. असल्या डेटावर कोणतंही सॉफ्टवेअर सुंदर दिसतं. म्हणून आपला, न सजवलेला, तीन महिन्यांचा डेटा द्या (पार्ट्यांची नावं बदलून) आणि आपल्या बारांतले सगळ्यात अवघड तीन प्रश्न समोर बसून सोडवायला सांगा. टॅब्लोची चाचणी १४ दिवसांची असते, झोहोची १५, पॉवर बीआयची ६०. डेटा तयार नसताना चाचणी सुरू केलीत तर ते दिवस जोडणीतच संपतात.

चाचणीत मी हट्टाने बघतो त्या गोष्टी अशा. आकडा लाख-कोटीत दिसतो का? पॉवर बीआयच्या तयार एककांत हजार, मिलियन, बिलियन येतात. ३७.४ मिलियन वाचून शेठ मनात भागाकार करत बसतात. लाख-कोटीसाठी वेगळं सूत्र किंवा फॉरमॅट लिहावं लागतं, ते कोण लिहिणार हे आत्ताच विचारा. वर्ष एप्रिलपासून सुरू होतं का, आणि 'मागच्या वर्षी याच तिमाहीत' ही तुलना बरोबर येते का? मराठीत लिहिलेल्या मालाच्या नावातली जोडाक्षरं पीडीएफमध्ये फुटतात का? ठाण्याचा सेल्समन लॉगिन झाला तर त्याला फक्त ठाण्याच्याच पार्ट्या दिसतात का? ही शेवटची चाचणी स्वतः करा, त्याच्या लॉगिनने. विक्रेत्याच्या 'हो, होतं ते' या उत्तरावर भागवू नका.

आणि फोन. डायरेक्टर मंडळी डॅशबोर्ड बघतात ती गाडीत नाहीतर ट्रेनमध्ये, मोबाइलवर, नेटवर्क येत-जात असताना. ऑफिसातल्या २७ इंची स्क्रीनवर मंजूर केलेलं पान फोनवर मुंगीएवढं होतं.

चित्रांच्या भपक्याला गुण देऊ नका. विल्यम प्लेफेअरने १७८६मध्ये स्तंभालेख छापला, त्याला अडीचशे वर्षं होत आली. आमच्या बारापैकी नऊ प्रश्नांना साधे स्तंभ किंवा रेषा पुरल्या, दोनांना नुसता तक्ता लागला. स्तंभ शून्यापासून सुरू होतोय ना, आणि लाल-हिरव्यातला फरक न ओळखणाऱ्या माणसालाही थकबाकी कळतेय ना, एवढं पाहा.

डेटा कोणाच्या हाती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. डेटाच्या सुरक्षेत हयगय झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे ग्राहकांचे फोन नंबर, कामगारांचे पगार डॅशबोर्डच्या डेटात जायलाच हवेत का, हे आधी विचारा. आमच्या बारापैकी एकाही प्रश्नाला फोन नंबर लागत नव्हता, तो रकाना डेटाबेसातच गाळला. पेमेंटच्या धंद्यात असाल तर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये घातलेली अट, पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याची, तुम्हाला लागू होते.

पॉवर बीआयमध्ये डेटा कोणत्या देशात बसतो ते पहिल्यांदा खातं उघडताना निवडलेल्या देशावरून ठरतं आणि नंतर बदलणं त्रासाचं असतं. मदतीच्या मेनूत 'अबाउट'मध्ये ते दिसतं, आजच बघा. 'पब्लिश टू वेब' हे बटण अॅडमिनकडून बंद करून घ्या. त्याने बनलेली लिंक लॉगिनशिवाय कोणालाही उघडते.

सही करण्याआधी

तीन वर्षांचा करार स्वस्त दिसतो. पहिल्यांदा घेत असाल तर एक वर्षाचाच करा. एका जुन्या कंपनीत मीच ४० लायसन्स एकदम घ्यायला लावली होती, वर्षभरात सहा जणांनी उघडली. तेव्हापासून १० ने सुरुवात करतो, वाढवायला दोन मिनिटं लागतात. करारात आपोआप नूतनीकरण आहे का ते वाचा, आणि असेल तर ६० दिवस आधीची तारीख काकांच्या कॅलेंडरवर लिहा, आयटीच्या नाही. दर डॉलरमध्ये की रुपयात, बिल भारतातून येणार की परदेशातून, हे लेखी घ्या. परदेशातून आलं तर रिव्हर्स चार्जने जीएसटी तुम्हालाच भरायचा असतो. बसवून देणाऱ्याशी वेगळा करार करा आणि त्यात एसक्यूएल, रिपोर्टच्या मूळ फाइली आणि अॅडमिनचा पासवर्ड कंपनीच्या मालकीचे, असं एक वाक्य घाला.

आम्ही शेवटी पॉवर बीआय घेतलं, म्हणजे शेठ पहिल्या दिवशी म्हणाले होते तेच. बारापैकी पाच प्रश्नांनी सुरुवात केली, उधारी आधी. पहिले सहा आठवडे जुनी एक्सेल आणि नवा डॅशबोर्ड शेजारी ठेवून रोज आकडे जुळवले, दोनदा चूक डॅशबोर्डची निघाली आणि तीनदा एक्सेलची. तिसऱ्या महिन्यात वापराचा अहवाल काढला: २२ पैकी ५ जणांनी महिनाभर उघडलाच नव्हता. त्यांची लायसन्स नूतनीकरणाची वाट न बघता दुसऱ्यांना दिली.

भिवंडीच्या सुपरवायझरकडे लॉगिन नाही. त्याला गेलेल्या पीडीएफची प्रिंट काढून तो भिंतीवर लावतो. मध्यंतरी गोदामात गेलो तेव्हा त्या प्रिंटच्या उजव्या कडेला त्याने पट्टीने एक रकाना आखलेला दिसला, वर पेनाने लिहिलेलं: 'गाडी किती वाजता लागली'. रोजची वेळ भरलेली होती. तो तेरावा प्रश्न आम्ही वहीत उतरवून घेतला.